बरणीतील सोयाबीन आणि वर्गातील पंचाईत

प्राथमिक गणितात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते गुरुजींना आधीच ठाऊक असते, ही समजूत इतकी पक्की आहे की, गुरुजीही ज्याच्या उत्तराविषयी साशंक आहेत तो प्रश्न गणिताचा नसून वात्रटपणाचा असावा, असेच पालकांना वाटते. अदमास-प्रश्न, म्हणजे मोजण्यापूर्वी नजरेने आणि तर्काने उत्तराच्या आसपास पोहोचण्याचा प्रश्न, नेमका याच वर्गात मोडतो. ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005’ने अंदाज बांधण्याला गणिती कौशल्याचे स्थान दिले असले, तरी परीक्षेला मात्र अंदाजाने लिहिणाऱ्याविषयी फारसे प्रेम वाटत नाही.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावासारख्या गावात (सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव ते निराळे) चौथीच्या वर्गात सोयाबीनची एक बरणी ठेवून ‘आत दाणे किती?’ असे विचारल्यास पहिली पंचाईत होते ती पुढच्या बाकावरील हुशार विद्यार्थ्याची, कारण तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असूनही त्यातील कोणता म्हणावा हे त्यास उमगत नाही. कोणी शंभर म्हणतो, कोणी लाख. लाखवाला चुकलेला नसतो, फक्त महत्त्वाकांक्षी असतो. ‘कशावरून?’ असे विचारले की वर्गाची खरी उलथापालथ सुरू होते. वडिलांबरोबर मोंढ्यावर जाणारा मागच्या बाकावरचा मुलगा बरणीत किलोभर माल असेल असे सांगतो. शेजारीण शंभर दाणे मोजून किराणा दुकानाच्या तराजूवर टाकण्याची युक्ती काढते. शंभर दाणे साधारण दहा ते तेरा ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत साधारण पावणेआठ ते दहा हजार, हा हिशेब करण्यासाठी अखेर हुशार विद्यार्थ्याला सन्मानाने परत बोलवावे लागते. एकमेकांची अशी गरज पाढे म्हणताना पडत नाही.

अनेकांच्या अदमासाचे सामर्थ्य इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1907 मध्ये मांडले. इंग्लंडमधील प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यावर भरणारे वजन सांगणाऱ्या 787 चिठ्ठ्यांतील मधला अंदाज 1207 पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन 1198. बैलाचे मत कोणी घेतले नाही.

पुसेगावच्या मुलांना हा प्रकार परका वाटू नये, कारण पैसेवारी, म्हणजे यंदाचे पीक प्रमाण उत्पन्नाच्या रुपयामागे किती पैसे आले हे ठरवण्याची महसुली पद्धत, आधी नजरेच्या अंदाजावरच चालते आणि मग सुधारित व अंतिम होत जाते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती येतात, ज्यात परीक्षा शुल्काची माफीही असते. त्यामुळे चौथीतील बरणीचा अदमास हुकला तर वर्ग हसतो आणि शिवाराचा हुकला तर त्याच घरातील थोरल्या भावाला दहावीची फी भरावी लागते.