हौसेला मोल

डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून मी डब्यातल्या रोजच्या ग्रुपला मोबाइलमधला फोटो दाखवला. कढीपत्त्याच्या पानावर चिमणीने शिटावं तसं काहीतरी.

"हे काय?"

"कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. लहान असताना अशीच दिसते. पक्ष्यांना वाटतं घाण आहे, म्हणून खात नाहीत."

कुणी बोललं नाही. दिवा गेलं, मुंब्रा गेलं. मग खिडकीशी बसलेला, म्हणजे रोज आधी उलटा कल्याणला जाऊन जागा पकडून येणारा, म्हणाला, "चांगलंय. पण याचे पैसे किती मिळतात?"

आमच्या डब्यात हा प्रश्न वाईट हेतूने विचारला जात नाही. जो माणूस रोजचे अडीच-तीन तास गाडीत घालवतो, त्याला दुसऱ्याचा एखादा तास फुकट जाताना बघवत नाही. ठाण्यापर्यंत माझ्या अळ्यांचा धंदा उभा राहिला होता. कुणी म्हणालं, लिही यावर. कुणी म्हणालं, शाळांमधून व्याख्यानं दे. एकाने तर वाढदिवसाच्या पार्टीत फुलपाखरं सोडण्याचा दर ठरवला आणि स्वतःचं कमिशनही. त्याच डब्यात पलीकडे भजनी मंडळ रंगात आलं होतं. ती मंडळी वर्षानुवर्षं टाळ-मृदंग सांभाळत गातात, पण त्यांना कुणी विचारत नाही, याचे किती मिळतात. देवाच्या नावाने केलेल्या हौसेला आपल्याकडे हिशेब नसतो. अळ्यांच्या मागे देव उभा नाही, ही माझी मूळ अडचण.

तर मी लिहू लागलो. एका स्थानिक साप्ताहिकाने लेख छापला आणि चार महिन्यांनी, तीनदा फोन केल्यावर, तीनशे रुपये दिले. हातात आलेली पहिली कमाई देवापुढे ठेवून मी हिला म्हणालो, "बघ." ही म्हणाली, "आणि कढीपत्ता?"

त्याचं असं आहे. गॅलरीत कढीपत्त्याचं चांगलं छातीएवढं झाड असून आमच्या घरी कढीपत्ता विकत येतो. झाडाची पानं अळ्यांची. पाच-सहा अळ्या वाढीला लागल्या की आठवड्यात झाडाच्या नुसत्या काड्या राहतात. त्यात अळीला कुणी हात लावला की ती डोक्यामागून लाल-नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हिच्या आईचं त्यानंतर आमच्याकडे राहणं कमी झालं. हा अळीचा दोष की माझा, यावर मतभेद आहेत.

हिने वहीत दोन रकाने आखले. जमेच्या बाजूला तीनशे रुपये. शिवाय एका शाळेत व्याख्यान झालं, तिथली शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल. नारळाचे हिने पंचवीस रुपये धरले. खर्चाच्या बाजूला कॅमेऱ्याची लेन्स, कुंड्या, माती, कढीपत्ता आणि लेटमार्क. कोष फुटायचा तो नेमका सकाळी, गाडीच्या वेळेला. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर येऊन लोंबकळतं आणि पंखांत रक्तद्रव भरत जाऊन ते उलगडत जातात. ते अर्धवट सोडून स्टेशनला पळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तीन लेटमार्कांची अर्धी रजा कापली जाते, म्हणजे एक लेख मला दीड-एक हजारांना पडत होता. "हौसेला मोल नसतं" याचा अर्थ मला या वहीने नीट समजावला.

मग वाटलं, ज्याला हौसेचे पैसे करायला जमलंय त्याच्याकडे तरी जाऊन यावं. लांब जायचं नव्हतं. ठाण्याहून घोडबंदर रोडला लागलं की कासारवडवली गेल्यावर ओवळे गाव येतं. दोन्ही बाजूंना टॉवर. त्यांच्या मधोमध ओवळेकर वाडी, राजेंद्र ओवळेकरांची घरची दोन एकर जमीन. हे गृहस्थ शाळेत क्रीडाशिक्षक होते. घोडबंदर रोडवर दोन एकर जमीन असलेल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ कोणत्या प्रकारचे लोक भेटायला येत असतील, हे ठाणेकरांना सांगायला नको. यांनी तिथे फुलपाखरं ठेवली. ठेवली हा शब्दही चुकीचा, कारण जाळी नाही, पिंजरा नाही. फुलपाखरांनी यावं, वाटलं तर राहावं. शंभराहून जास्त जातींना तसं वाटलेलं आहे. आणि आत जायला तिकीट आहे.

मी गेलो होतो फुलपाखरं बघायला, पण बघत राहिलो झाडं. लिंबाच्या जातीची झाडं, त्यांच्यावर ब्लू मॉर्मन येतं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो. बहुतेक अळ्यांचं खाणं ठरलेलं, दुसऱ्या पानाला त्या तोंड लावत नाहीत. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात काही मंडळींचं असतं तसंच. म्हणजे फुलपाखरू हवं असेल तर आधी त्याच्या पोरांच्या जेवणाची सोय करायची, आणि त्या पोरांनी बाग ओरबाडून खाल्ली तरी औषध मारायचं नाही. माती, शेण, पाणी, उन्हाळ्यातली टंचाई. तिकिटाचे पैसे या सगळ्याचे होते. पंखांचे कुणी कुणाला देत नाही.

तेव्हापासून इकडे-तिकडे बघतो तर सगळीकडे तेच. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. २०१५ सालीच तिथे अभयारण्य झालं, २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत खाडीचं नाव आलं. हौशी लोक हजारोंच्या दुर्बिणी घेऊन जातात आणि कमावतो तो भरती-ओहोटी तोंडपाठ असलेला होडीवाला. आमच्या डोंबिवलीत १९८६ साली पै फ्रेंड्स लायब्ररी निघाली. वाचनाचं वेड गावात आधीही होतंच. पण पुस्तकं विकत घ्या, कव्हरं घाला, नोंदी ठेवा, परत न करणाऱ्याच्या मागे लागा, हे करणारा कुणीतरी लागतो. मला अळ्या आवडतात. शेण आणून कालवायला मात्र मी माळी लावला होता. तोही वहीत आहे.

साप्ताहिकाने मध्ये सदर देऊ केलं होतं. दर गुरुवारी सातशे शब्द. मी दोन गुरुवार लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात गॅलरीत एकही अळी नव्हती, म्हणून मी नसलेल्या अळीवर लिहायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात स्वतःला पकडलं. सदर सोडलं. ग्रुपला सांगितलं तेव्हा खिडकीवाला हळहळला. त्याने मनातल्या मनात माझे वर्षाचे पैसे मोजून ठेवले होते.

पुढच्याच आठवड्यात एक मादी आली. कॉमन मॉर्मनची मादी बहुरूपी असते. तिच्या एका रूपाचे पंख हुबेहूब कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखे असतात, कारण कॉमन रोझ विषारी असल्याने पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. आमच्याकडे आली ती त्याच वेषात. कोवळ्या पानांवर एकेक करत तिने सात अंडी घातली. मला त्या दिवशी लेटमार्क लागला. वहीत तो मांडलेला नाही; रकान्यांची ती वही आता दुधाच्या हिशेबाला आहे.

तुम्ही ओवळ्याला जाणार असाल तर रविवारी सकाळी, ऊन तापायच्या आत जा. तिकीट काढून जा, ओळख काढून नको. आणि येताना घोडबंदर रोडवरच्या एखाद्या नर्सरीतून कढीपत्त्याची रोपं आणा. दोन आणा, एक फोडणीला लागेल.