रुपेरी पोटजात

आमच्या जळगावातल्या कॉलनीत अण्णांनी कुत्रा आणला. त्याला नुसतं लॅब्रॅडॉर म्हटलेलं अण्णांना खपत नाही. "सिल्व्हर लॅब्रॅडॉर आहे भो. जातच वेगळी." किंमत दुप्पट होती, म्हणजे जात वेगळी असणारच. पुरावा म्हणून पावती आहे.

रंग, खरं सांगतो, जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा. एमएलपीएच नावाच्या जनुकाचं एक अप्रभावी रूप आई आणि बाप, दोघांकडून आलं की चॉकलेटी रंग विटून रुपेरी दिसतो. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर विसरलेल्या शर्टाचंही असंच होतं, पण त्याला कुणी नवा शर्ट म्हणत नाही. अमेरिकन केनेल क्लब लॅबचे काळा, पिवळा आणि चॉकलेटी एवढेच रंग मानतो. तिथे रुपेरी पिल्लं बहुधा 'चॉकलेटी' म्हणून नोंदली जातात. हे ऐकून अण्णा हळहळले. "म्हणजे अमेरिकेतही दाखल्यावर चुकीचंच लिहितात!"

तर वेगळ्या जातीसाठी अर्ज करायचं ठरलं. मुलाच्या पडताळणीत अण्णांनी चपला झिजवलेल्या, त्यामुळे यादी तोंडपाठ: बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची नोंद, 1967 पूर्वीचा पुरावा. कुत्र्याचा आजोबा चॉकलेटी निघाला. अण्णांनी तो कागद हळूच फायलीच्या तळाशी सारला.

मी म्हटलं, अण्णा, लातूरकडच्या देवणी गाईचे रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार, पण जात एकच. अण्णा तयारीतच होते. "आणि पूर्णाथडी म्हैस? चांगली भुरी. 2023 मध्ये कर्नालच्या ब्युरोनं तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. ती पूर्णा आपल्याच चांगदेवला तापीला मिळते ना?" नदी मिळाली म्हणून दाखलाही वाहत येतो, हा युक्तिवाद मला नवा होता. ती म्हैस पूर्णाकाठच्या गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या तशीच वीत आलेली आहे, रंग हे तिचं एक लक्षण, असं मी म्हणेपर्यंत पुतण्यानं मोबाइल पुढे केला. जर्मनीत 1984 साली बीवर नावाच्या जोडप्याकडे यॉर्कशायर टेरियरच्या पोटी पांढऱ्या ठिपक्यांचं पिल्लू जन्मलं. त्याच्या वंशाला अमेरिकेत 2021 मध्ये 'बीवर टेरियर' ही स्वतंत्र जात मिळाली. "37 वर्षं!" अण्णा खूश. "फाईल तिथंही आपल्यासारखीच चालते."

इकडे आपल्या कारवानाचं बघा. तोच सडपातळ शिकारी कुत्रा केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी 'कारवान हाउंड' आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे 'मुधोळ हाउंड'. एक कुत्रा, दोन दाखले. सीमाप्रश्न सुटेपर्यंत तो ससे पकडतोय.

दरम्यान अण्णांनी कुत्र्यासाठी स्थळं पाहायला घेतली. धुळ्याची एक लॅब आली होती, सुदृढ, समजूतदार, घराणं उत्तम. "पण काळी आहे हो," अण्णा म्हणाले. पुतणीच्या वेळेला एका पाहुण्यानं हेच वाक्य टाकलं, तेव्हा अण्णांनी त्याला चहा न पाजता घालवलं होतं.

पावसाळ्यात कुत्र्याच्या पाठीवरचे केस जायला लागले. असल्या विटक्या रंगाच्या काही कुत्र्यांना हा त्रास होतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी कार्डावर जातीच्या रकान्यात नुसतं 'लॅब' लिहिलं आणि खाली एका शाम्पूचं नाव.

अण्णांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "डॉक्टरसाहेब, शाम्पू तरी वेगळा असेल ना?"