न भारावलेला मामा

गाजलेल्या कुठल्याही पुस्तकाने न भारावणारा मामा झाशीच्या मराठी घरांत उन्हाळ्यात हमखास आढळतो. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या भाच्या झेलम एक्स्प्रेसने किंवा पंजाब मेलने आजोळी उतरतात. त्यांच्या सॅकमध्ये एखादी जाडजूड इंग्रजी कादंबरी असते. आठवड्याभरात ती मामाच्या उशाशी सापडते. ‘बघू तरी, हल्ली काय वाचता तुम्ही,’ एवढे बोलून त्याने ती उचललेली असते आणि परत करायचे तो सोयीस्करपणे विसरलेला असतो.

हा मामा पन्नाशी ओलांडलेला असतो. रेल्वे, बँक किंवा इंटर कॉलेज यांपैकी कुणीतरी त्याला पोसलेले असते. घरात तो मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी बुंदेली. १७४२ साली पेशव्यांचा सुभेदार म्हणून नारोशंकर झाशीला आला, त्याच्याबरोबर आपला मूळ पुरुष आला, असे प्रत्येक मामा सांगतो. हे सगळे दावे खरे धरले, तर नारोशंकराच्या लवाजम्यात शिपाई किती आणि मामांचे पूर्वज किती, हा प्रश्न उरतो.

वाचनाची वेळ हवामान ठरवते. दुपारी लू सुटते, पारा पंचेचाळीसला टेकतो आणि सदर बाजारात चिटपाखरू फिरत नाही. मामा कूलरसमोर आडवा होतो. वीज गेली की कूलर थांबतो, मामा थांबत नाही. एका हातात पंखा, दुसऱ्या हातात पुस्तक.

या मामाचा अभ्यास करायला कॅसँड्रा क्लेअर यांची ‘सिटी ऑफ बोन्स’ ही कादंबरी उत्तम. ती २००७ साली निघाली, २०१४ पर्यंत तिचे सहा भाग झाले, मध्ये २०१३ साली सिनेमाही येऊन गेला. न्यूयॉर्कमधल्या क्लेरी नावाच्या मुलीला अचानक दिसू लागते, की आपल्या शहरात राक्षस, रक्तपिपासू आणि नरवृक राजरोस वावरताहेत. त्यांचा बंदोबस्त करणारी तरणीताठी मंडळी अंगावर मंत्रचिन्हे कोरून घेतात आणि सामान्य माणसाला यातले काहीच दिसत नाही. जगभरच्या पोरांनी यावर रात्री जागवल्या. मामाने दुपार जागवली, पण ते तो कबूल करत नाही.

त्याच्या वाचनाच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर तो मागची किंमत बघतो, शेवटच्या पानाचा आकडा बघतो आणि एक पान केवढ्याला पडले ते काढतो. दुसऱ्या पायरीवर पेन्सिल हातात येते. समासात ‘हाच बाप’, ‘हा फितूर’, ‘इथे बेशुद्ध पडणार’ अशा नोंदी उमटतात. त्यांतल्या बऱ्याचशा बरोबर ठरतात आणि पुस्तकाविषयीचा आदर तेवढ्याच प्रमाणात घटतो. तिसरी पायरी निकालाची. तो रात्रीच्या जेवणाला लागतो.

“मामा, कसं वाटलं?”

मामा भातात आमटी कालवतो. “ठीक आहे.”

“म्हणजे आवडलं?”

“म्हणजे ठीक आहे. आईला पळवून नेलंय आणि ही बया पार्टीला जाते!”

“अरे, ती चौकशीला गेली होती तिथे.”

“चौकशीला जाताना कोणी एवढं नटतं का?”

“दुपारी तीन हाका मारल्या, ओ दिली नाही ह्यांनी,” मामी तूप वाढता वाढता सांगते. मामा तिकडे दुर्लक्ष करून विचारतो, “दुसरा भाग आणलायस का?”

न भारावण्याची कारणे शोधायला गावाबाहेर जावे लागत नाही. पहिले कारण म्हणजे किल्ला. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने तो १६१३ साली बांधला. लक्ष्मीबाई दामोदररावाला पाठीशी बांधून घोड्यासकट जिथून खाली झेपावली असे सांगतात, ती जागा तिथे पाटी लावून दाखवतात. त्या तटावरून खाली वाकून बघण्यात आणि ‘शक्य आहे’, ‘शक्य नाही’ यावर मित्रांशी भांडण्यात मामाचे बालपण गेले. न्यूयॉर्कच्या पोराने गच्चीवरून उडी मारली, तर त्याला फक्त उंची किती हे जाणून घ्यायचे असते.

दुसरे कारण ‘चंद्रकांता’. देवकीनंदन खत्रींची ही १८८८ सालची कादंबरी आणि तिच्या पुढच्या ‘संतती’चे चोवीस भाग मामाने शाळेत बाकाखाली धरून संपवले. तिथले ऐयार म्हणजे हेर रूप बदलतात, बटव्यातली पूड हुंगवून माणूस आडवा करतात आणि लखलखा हुंगवून उठवतात. तिलिस्मात, म्हणजे मायावी भुलभुलैयात, शिरलेल्याला वाट सापडायला शेकडो पाने लागतात. चोवीस भाग पचवलेल्या माणसाला सहा भागांचे कौतुक कोण सांगणार?

तिसरे कारण गोडसे भटजी. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आला आणि इंग्रजांच्या १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकला. त्याचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आले. मामाच्या कपाटात ते कापडी बांधणीत असते आणि भाच्यांच्या हाती सहजासहजी लागत नाही. शहर पडताना माणसे कुठे लपली, प्यायला पाणी कुठून आणले, हे त्यात एका भेदरलेल्या माणसाने सांगितले आहे. राक्षस आले की मामा तोच हिशेब मागतो: एवढी काचफोड झाली, सकाळी झाडलोट कोणी केली?

सगळ्यांत भारी कारण दत्तकाचे. झाशीचे राजे गंगाधरराव यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदरावाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते दत्तकविधान मानले नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. तेव्हापासून मुलगा कोणाचा, हा प्रश्न झाशीत कोणी हलका समजत नाही. आता ‘सिटी ऑफ बोन्स’च्या शेवटी खलनायक व्हॅलेंटाइन सांगतो, की क्लेरीचा जीव ज्याच्यावर जडला तो जेस तिचा सख्खा भाऊ आहे. भाच्या इथे रडलेल्या असतात. मामा चष्मा पुसून म्हणतो, “कागद कुठे आहेत? पोरगा वाढवलेला आहे, पोटचा नाही.” २००९ साली आलेल्या तिसऱ्या भागात नेमके हेच निघते. मामाला आनंद होतो, पण निकाल ‘ठीक आहे’च राहतो, कारण जे आपल्याला आधी कळले ते चांगले कसे असेल?

मामीचा प्रकार वेगळा. ती शेवटचे पान आधी वाचते, दोघांचे जमले याची खात्री करून घेते आणि मग सावकाश पहिल्या पानापासून सुरुवात करते. तिला पुस्तक नेहमी आवडते. मामाच्या मते हे वाचनच नव्हे.

प्रकाशकाच्या दृष्टीने बघितले, तर न भारावलेल्या मामाएवढा भरवशाचा गिऱ्हाईक नाही. भारावलेली भाची दुसऱ्या भागानंतर नव्या लेखिकेकडे वळते. मामा पेन्सिल घेऊन सहाव्या भागाच्या शेवटच्या पानापर्यंत जातो, कारण एवढा नापसंत ग्रंथ अर्धवट सोडणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. राहिलेले भाग तो स्वतः मागवतो आणि पार्सल आले की ‘पोरींसाठी’ असे सांगतो.

सहा संपल्यावर त्याला कळते, की याच लेखिकेने पूर्वकथेचे आणखी तीन भाग लिहिले आहेत आणि ते १८७८ सालच्या लंडनमध्ये घडतात. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशी लुटल्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्या काळच्या लंडनमध्ये राक्षस मोकाट फिरत होते, हे मात्र मामाला पहिल्या पानापासून पटते.