खुर्ची रिकामी, कारभार स्थिर

हुकूमशाहीत स्थैर्य असतं म्हणतात. गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य करणारा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार १९६८ साली खुर्चीवरून पडला, पुढं आजारी झाला. पंतप्रधान दुसराच झाला. पण भोवतालच्यांनी म्हाताऱ्याला १९७० मध्ये मरेपर्यंत ते सांगितलंच नाही. खुर्चीवरून कुणी पडू नये म्हणून कर्नाटकानं तिच्यावर कुणाला बसूच दिलं नाही. तालुका-जिल्हा पंचायतींची निवडणूक झाली २०१६ मध्ये, मुदत संपली २०२१ मध्ये. मग मतदारसंघांची फेररचना, आरक्षण, कोर्ट. आणि वर्षानुवर्षे प्रशासक. ऐन कोविडात, डिसेंबर २०२० मध्ये, ग्रामपंचायतींचं मतदान मात्र झालं होतं, बरं का! माजी सदस्याला गावात अजून ‘मेंबर’ म्हणूनच हाक मारतात, आणि तोही ओ देतो.