सायमन आणि वाघ

2000 साली सरकारने इंग्रजी पहिलीपासून शिकवायचे ठरवले आणि ब्रह्मपुरीच्या आसपासच्या खेड्यांत आम्हा मास्तरलोकांवर सहा-सहा वर्षांच्या पोरांसमोर उड्या मारायची पाळी आली. 'जंप' फळ्यावर कितीही सुवाच्य लिहिले तरी ते जागचे हलत नाही. 1960 च्या दशकात जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यातूनच आख्खी पद्धत उभी केली: शिक्षकाने हुकूम सोडायचा, मुलांनी बोलायची घाई न करता तसे करून दाखवायचे. आमच्या वर्गात हलण्याची टंचाई नव्हतीच म्हणा.

खेळ ठरलेला, 'सायमन सेज'. सायमनचे नाव घेऊन सांगितले तरच करायचे. नुसत्या 'जंप'वर जो उडाला तो बाद. आमच्या इतिहासाच्या सरांना हा प्रकार साफ नामंजूर. ज्याला 1928 साली देशाने काळे झेंडे दाखवले, त्याच्या हुकमावर आमची पोरे का नाचवता, हा त्यांचा सवाल. हा सायमन तो नव्हे, असे मी सांगून पाहिले. "नाव तर तेच ना," म्हणाले.

पोरे मात्र सायमनला पुरून उरतात. 'बेंड' म्हटले की आख्खी रांग कमरेत वाकते आणि बांधीत रोवणी चालल्यागत पऱ्हे खोचत मागे मागे सरकते. वेळीच 'स्टॉप' म्हटले नाही तर रांग व्हरांड्यात. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की 'स्लीप' शिकवावे लागत नाही. रात्रभर नाटक पाहून आलेली पोरे ते हजेरीपासूनच करून दाखवतात. पण 'क्राय' म्हणून बघा! एक पोरगी पदर नाही म्हणून दप्तराचा पट्टा तोंडाशी धरते, भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली घसरते आणि असा हंबरडा फोडते की खिचडी शिजवणारी बाई झारा घेऊनच दारात येते. 'लाफ' म्हटले की वर्गात खलनायकच खलनायक.

'रन'साठी मी एकाला वाघ केले. आमच्याकडे वाघ समजावून सांगावा लागत नाही. डरकाळी झाली, मी ओरडलो, "सायमन सेज रन!" सारा वर्ग पांगला. एक पोरगा तेवढा पळाला नाही. नजर वाघावर रोखलेली, दोन्ही हात वर, एकेक पाऊल मागे.

"तू बाद," मी म्हणालो.

"वाघापुढं धावाचं नसते ना सर. फॉरेस्टवाले सांगून गेले."

वाघ चार पायांवरच थांबला. त्याने मान हलवली. त्यालाही पटले होते. सायमन मोठा की वनरक्षक, यावर वर्गात तंटा माजला आणि निकाल एकमताने सायमनच्या विरोधात गेला. यादीत 'रन'च्या खाली 'वॉक बॅक' चढले.

दुसऱ्या दिवशी वाघ व्हायला कोणी तयार होईना. सगळ्यांनाच वनरक्षक व्हायचे होते. मग वाघ मलाच व्हावे लागले.