यातला पापा मेलँड कोण?

आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला की पाण्याच्या तांब्यासोबतच त्याला आडनाव विचारतात. आडनावावरून गाव, गावावरून तालुका, आणि तालुका कळला की तिथे आपली कुणीतरी लांबची आत्या दिलेली निघतेच. मग कुठे त्या माणसाचं काम काय ते ऐकून घेतलं जातं. अशा घरात वाढलेल्या मला जुन्या घराबरोबर बिननावाचे गुलाब मिळाले, तेव्हा स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

नाशिकमधल्या या घराच्या खरेदीखतात आंबा होता, नारळ होते, बोअरची मोटार होती. गुलाबांबद्दल अवाक्षर नव्हतं. आधीचे मालक इंजिनिअर. त्यांनी प्रत्येक झाडाला पत्र्याची पट्टी बांधून तिच्यावर ऑइलपेंटने नाव घातलं होतं. पण पावसाने पट्ट्या ठेवल्या आणि अक्षरं नेली. एकीवर फक्त 'डॉ.' एवढंच उरलं होतं.

आता गुलाबांत डॉक्टरांची वाण नाही. गव्हाच्या वाणांवर हयात घालवलेले आणि पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल फावल्या वेळात गुलाबांचे संकर करत. त्यांनी एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभांचं नाव दिलं. मग इतरांनी एका गुलाबाला खुद्द पालसाहेबांचं नाव देऊन परतफेड केली. माझं फूल पांढरं, म्हणून तर्काने ते भाभा ठरलं. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितली. आत्या आमच्याकडेच असते, वय ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, "शिकलेलं आहे ना, मग चांगलंच. देवाला चालतं."

आत्याचं स्वतःचं वर्गीकरण केव्हाच पूर्ण झालं होतं: देवाचे, केसात माळायचे, गुलकंदाचे आणि 'नुसतेच काटे'. कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याचं त्याहून सोपं: डच, काश्मिरी, बटण, गावठी. काश्मिरी म्हणजे काश्मीरहून आलेला का, असं विचारलं तर "साहेब, टेम्पोतून आलेला," असं प्रामाणिक उत्तर मिळालं. शेवटी मोबाइलमधल्या ॲपला फोटो दाखवला. त्याने अंमळ विचार करून सांगितलं: गुलाब. खात्री ९९ टक्के. उरलेला एक टक्का कुणासाठी राखून ठेवला होता, ते त्यालाच ठाऊक.

मग पुस्तकं आणली. पुस्तकं म्हणतात, नुसतं फूल बघू नका. फूल फसवं असतं. मे महिन्यात बारकं आणि फिकट, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर थंडीत येणारं भरदार, गडद. तेव्हा पान बघा, पानाच्या देठापाशी चिकटलेली उपपर्णं बघा, कळीखालची हिरवी निदलं बघा. निदलांचा तर युरोपात एक जुना उखाणाच आहे. पाच भाऊ; दोघांना दोन्ही गालांवर दाढी, दोघे सफाचट, आणि पाचव्याची एकाच बाजूची दाढी राहिलेली. मी भिंग घेऊन एक अख्खी सकाळ गुलाबांच्या दाढ्या तपासत बसलो. उखाणा तंतोतंत खरा निघाला. अडचण इतकीच, की तो बहुतेक सगळ्याच गुलाबांना लागू पडतो. पुस्तकात असंही होतं, की गुलाबाला शास्त्रीय अर्थाने काटे नसतातच, ती नुसती सालीवरची वाढ असते. हे वाचून दाखवल्यावर आत्याने बोटाला दाबलेली हळद माझ्यासमोर धरली.

टाकीजवळचं झाड सगळ्यांत जोमदार. शेजारपाजारचे त्याच्याच फांद्या मागायचे. गुलाबांच्या प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे एक अण्णा बघायला आले आणि दहा पावलांवरूनच म्हणाले, "हा खुंट आहे." म्हणजे इंजिनिअरसाहेबांनी आणलेल्या कलमाचा डोळा कधीच मेला, आणि ज्याच्यावर तो भरला होता तो खुंटच फुटून वर आला. मला उगीचच फसवल्यासारखं वाटलं. आत्या म्हणाली, "जो जगला त्याला काय ते नाव द्या की!"

नाव देण्याची ही सोय परदेशातही आहे, हे कळल्यावर मला धीर आला. बर्म्युडा बेटावर नाव हरवलेल्या जुन्या गुलाबांना 'मिस्टरी रोझ' म्हणतात, आणि जिथे किंवा ज्यांच्या अंगणात सापडला त्यावरून कामचलाऊ नाव देतात. टेक्सासात तर 'हायवे २९० पिंक बटन्स' नावाचा गुलाब आहे. हायवेचं नाव गुलाबाला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग आम्हीही 'मीटरबॉक्स गुलाबी' आणि 'सिलिंडर लाल' अशी नावं पाडली. शेजारच्या वहिनी आता सरळ "मीटरबॉक्सची एक काडी द्या हो" म्हणून मागतात.

पण कुंपणाजवळच्या एका झाडापाशी अण्णा थबकले. मोठं थोरलं फूल, पिवळं, कडांना गुलाबी झाक. अण्णांनी चप्पल काढली नाही एवढंच. "पीस!" ते म्हणाले.

या गुलाबाचा जन्म फ्रान्समधला, फ्रान्सिस मेलँड यांच्या हातचा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेत गेल्या आणि युद्धाने पत्रव्यवहार तुटला. फ्रान्समध्ये फ्रान्सिसनी आईच्या आठवणीसाठी त्याचं नाव 'मादाम ए. मेलँड' ठेवलं, जर्मनांनी 'ग्लोरिया देई' म्हटलं, इटलीने 'जोइया', आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचं 'पीस' असं बारसं झालं. एका फुलाला चार नावं, आणि माझ्या अंगणात बाकी सगळे अनाथ! हा गोंधळ टाळायला आता गुलाबांना संकेतनावं देतात. कॉर्डेस या पैदासकारांच्या गुलाबाचं 'कॉर'ने सुरू होणार, मेलँडच्या गुलाबाचं 'मेइ'ने, म्हणजे एमएच १५ दिसलं की गाडी नाशिकची, तसं. पण नंबरप्लेट झाडावर उगवत नाही, हा त्यातला दोष.

आत्याने ही सगळी कहाणी नीट ऐकली आणि त्या झाडाला पाचवं नाव दिलं: हळदीकुंकू. त्या नावाचं एक रानझुडूप आधीच आहे, पण आत्याला नोंदणीचे नियम लागू नाहीत. वर तिने विचारलं, "ही मेलँडबाई. मग हिचा नवरा?"

अण्णांचा चेहरा उजळला. नवरा आहे! 'पापा मेलँड', गडद मखमली लाल, दरवळणारा. फ्रान्सिसच्या मुलाने, अलँने, १९६३ साली आजोबांच्या नावाने काढलेला. आणि माझ्या अंगणात, टाकीच्या पलीकडे, गडद मखमली लाल, दरवळणारी तीन झाडं आहेत.

इथून प्रकरण चिघळलं. 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि 'चार्ल्स मॅलेरिन' या एकाच जोडीच्या संकरातून तीन नामांकित लाल गुलाब निघाले आहेत: फ्रान्समध्ये पापा मेलँड, अमेरिकेत १९६४ साली 'मिस्टर लिंकन' आणि 'ओक्लाहोमा'. सख्खी भावंडं. अण्णांच्या मते डावीकडचा पापा. दुसऱ्या रविवारी एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांच्या मते डावीकडचा लिंकन, आणि पापा मधला. दोघांना एकदमच चहाला बोलावलं. पहिल्या कपापर्यंत "आपलं म्हणणंही बरोबर असू शकेल" चाललं होतं. दुसऱ्या कपाला बश्या वाजायला लागल्या. आत्या मध्येच म्हणाली, "कुणीही असो, पण नवरा-बायकोला टाकीच्या दोन बाजूंना ठेवणं शोभत नाही."

निघताना मात्र एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. पापा मेलँडवर भुरी लवकर पडते. थंडीत वाट बघा. ज्याच्या पानांवर पहिली पांढरी बुरशी दिसेल तो पापा.

तेव्हापासून मी रोज सकाळी भुरीची वाट बघू लागलो. नाशिक जिल्ह्यात हे जाहीरपणे सांगण्याची सोय नाही. इथे द्राक्षबागांवर भुरी येऊ नये म्हणून माणसं रात्र रात्र झोपत नाहीत. माझा मेहुणा निफाडकडचा बागायतदार. ढगाळ हवा आली की त्याच्या घरात मोठ्याने बोलत नाहीत. तो संक्रांतीला आला, तेव्हा मी भिंग घेऊन पानं उलटत होतो.

"काय शोधताय, दाजी?"

"भुरी."

"आली नाही ना?"

"नाही ना अजून," मी खिन्नपणे म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बहिणीकडे पाहिलं. त्या दोघांत स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. द्राक्षाची भुरी वेगळी, गुलाबाची वेगळी, एकीची दुसऱ्याला लागत नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पण बागायतदार माणूस पंचाहत्तर टक्के ऐकतो आणि पंचवीस टक्के फवारणीचा विचार करतो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून परतलो तर अंगणात गंधकाचा वास. मेहुणा पाठीवरचा पंप उतरवत होता. तोंडावर उपरणं, डोळ्यांत समाधान.

"दाजी, तुमचा संशय खरा होता. पहाटे बघितलं, आलेली होती. मी तुमची वाट नाही बघितली."

"कशावर होती?" माझा आवाज चिरकला. "तिघांपैकी कुठल्या झाडावर?"

"ते कुठं बघत बसता! तिन्ही धुऊन काढली, पाना-पानाच्या खालून. आता महिनाभर काळजी नाही." त्याने नोझल पुसलं, खिशातून वही काढली आणि अगदी कर्तव्यदक्षपणे विचारलं, "फवारणीची नोंद करतो. झाडाचं नाव काय लिहू?"