हसायचं कधी, ते ऑर्गन सांगतो

पुण्याच्या पाहुण्याला गिटार सोलोचं वेड. दिवाळीनंतर तो वडशाजवळ सासुरवाडीला आला नि मेव्हण्याने त्याला नाटकाला नेलं.

"संपेल किती वाजता?"

"उजाडलं का संपते, भाऊजी," म्हणत मेव्हण्याने त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

वडसा, कागदोपत्री देसाईगंज, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक मंडळांचा मुक्काम इथे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी प्रयोग. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. बैल आणि नट दोघांनाही विश्रांती नाही! याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. भूमिका ८००, प्रयोग पाच हजारांवर.

पडदा उघडला. रंगमंचावर कोणीच नाही. ऑर्गनवाल्याने (म्हणायचं ऑर्गन, असतो पुष्कळदा कीबोर्ड) तीन-चार तिरके सूर काढले आणि सगळा मांडव खदखदला.

"विनोद काय झाला?" पाहुणा गोंधळला.

"आता येते ना तो!"

आला. तोंडातून शब्द काढण्याआधीच अर्धी वसुली झाली होती.

रात्री तीनच्या सुमाराला आई-मुलाच्या ताटातुटीचा प्रवेश रंगला. नट बोलायचा थांबला. ऑर्गनवाल्याने एकच सूर धरला आणि सोडेचना. त्याची नजर नटाकडे नव्हतीच. ती होती पहिल्या रांगेतल्या, तणसावर बसलेल्या एका आजीकडे. आजीने पदर डोळ्याला लावला, नाक शिंकरलं, शेजारणीकडे पाहिलं. मग कुठे सूर खाली उतरला आणि नटाला पुढचं वाक्य मिळालं. संवाद लेखकाचे, पण प्रवेश केव्हा संपवायचा ते आजीच्या नाकावर.

पाहुण्याला राहवेना. परतीच्या वाटेवर त्याने मेव्हण्याला जिमी हेंड्रिक्स ऐकवला, तोंडीच. १९६९चा वुडस्टॉक महोत्सव, १८ ऑगस्ट, सोमवारची सकाळ. पठ्ठ्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर असं पिळून काढलं की त्यात बॉम्ब पडल्याचे आवाज ऐकू यावेत! व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. सांगायला शब्द लागलेच नाहीत.

"लोक किती होते?"

"आधी लाखोंनी. पण त्याची पाळी येईपर्यंत बहुतेक घरी गेले होते."

मेव्हणा चालता चालता थांबला. "उजाडल्यावर लोकच नाही? मग पडलं जी तुमचं नाटक."